पायलीभर कोंडा

काही गोष्टी कितीही वर्षांनी आठवल्या तरी माणूस पहिल्यासारखाच हबकतो. आईनं त्या रविवारी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन जे एक वाक्य टाकलं, ते आठवलं की आजही मी हातातलं काम खाली ठेवते. मला वाटायचं, वय झालं की सगळं निवतं, राग निवतो, धक्के निवतात आणि आपण हसत हसत सांगायला मोकळे होतो. तसलं काही होत नाही. तेव्हा हे प्रकरण मी हसत लिहितेय असा कुणी समज करून घेऊ नये. मधूनच हसू आलं तर ते कोंडूमुळे येईल, माझ्यामुळे नाही.

आमची घरं विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून जरा आत. बैठ्या घरांची एक ओळ, प्रत्येकाला दोन खोल्या, वर पत्रे, मागच्या बाजूला सगळ्यांना मिळून एक लांबलचक ओटा आणि ओट्याच्या टोकाला नळ. आज त्या जागी उभं राहिलं तर रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरावा लागतो. तेव्हा समोर पेरूची बाग होती आणि आळंदीकडे जाणारी एसटी कुठल्या वळणावर आली हे घरात बसून ऐकू यायचं. बाबा विदर्भातून, आर्वीकडून खडकीला कारखान्यात नोकरीला आले आणि मागोमाग आई आली. पुण्यात सगळं आयुष्य काढूनही आईची भाषा तिकडचीच राहिली. मी शाळेतून शुद्ध बोलायला शिकून आले तेव्हा ती म्हणाली होती, "बोल बाप्पा तुह्या मास्तरनीसारखं, पण भूक लागली तं मले मराठीत सांगजो."

भिंतीला भिंत लागून अण्णांचं घर. अण्णा मूळचे सदाशिव पेठेतले. तिथल्याच एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत आणि रोज सायकलवरून तेवढं अंतर जात-येत. भावाभावांत जागेवरून वाजल्यावर ते इकडे राहायला आले होते, पण बोलताना "आम्ही सध्या विश्रांतवाडीला असतो" असंच म्हणायचे, आणि ते 'सध्या' शेवटपर्यंत टिकलं. रविवारी ते घरी मुद्रितं आणत आणि विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचत. भिंतीपलीकडून त्यांचा एकसुरी आवाज यायचा, "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरणचिन्ह चालू", आणि अलीकडे आईचा पाटा-वरवंटा चालू असायचा. माझ्या लहानपणाचे रविवार म्हणजे हे दोन आवाज. कोंडू म्हणायचा, आमचे अण्णा आमटी आणि भात यांच्यामध्येसुद्धा स्वल्पविराम घेतात.

कोंडू म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा. शाळेत त्याचं नाव श्रीकांत होतं, पण आई त्याला कोंडू म्हणायची म्हणून सगळी ओळ त्याला कोंडू म्हणायची. हे असलं नाव का, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. माझ्याहून तो काही महिन्यांनी लहान. त्याची आई, सुशीलाकाकू, आम्ही शाळेत जायच्या आधीच तापानं गेली. मला तिची आठवण फार थोडी आहे, तांब्याच्या घागरीवर वाजणाऱ्या बांगड्यांची तेवढी. ती गेल्यावर अण्णा स्वतः स्वयंपाक करायला लागले. तो आम्ही एकदा चाखला आणि त्या दिवसापासून कोंडू आमच्याकडे जेवायला लागला. मी आईला आई म्हणायची, म्हणून तोही आईच म्हणायला लागला. कुणी त्याला दुरुस्त केलं नाही, मुद्रितं तपासणाऱ्या अण्णांनीसुद्धा नाही.

आमच्या घरी खायला काय असायचं हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा हे रोजचं. पण पाहुणे आले किंवा कुणी पास झालं की गोळाभात. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातात वाफवायचे, ताटात गोळा कुस्करायचा, वरून हिंग-मोहरीचं कढत तेल चर्रकन ओतायचं. अण्णांनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळ्यांतून पाणी काढत विचारलं, "वहिनी, हा पदार्थ आहे की शिक्षा?" आणि दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. कोंडूला तेल वाढताना आईचा हात सैल व्हायचा. मला पळीभर, त्याला दोन. लाडू फुटला तर मोठा तुकडा त्याचा. दोघांनी मिळून खोडी केली तर धपाटा दोघांना, पण आवाज माझ्या पाठीवरच्या धपाट्याचा जास्त यायचा. आईवेगळं पोर, असं सगळे म्हणायचे, आणि मीही तसंच समजून गप्प बसायची.

खोड्यांचं म्हणाल तर देवानं त्याला दुसरं काही कामच दिलं नव्हतं. गवळ्याची एक पांढरीशुभ्र गाय होती, ती दुपारी ओट्याच्या सावलीला येऊन बसायची. कोंडूनं आईच्या कपड्यांच्या निळीची पुडी बादलीत कालवली आणि गाय एका बाजूनं निळी करून टाकली. फक्त एका बाजूनं. मी नळाजवळ पहारा करत होते. संध्याकाळी गवळी आला तो पांढऱ्या बाजूनं, गाय उठवली, वळवली आणि मटकन खाली बसला. त्यानंतर आठवडाभर ओळीतल्या बायका दूध उजेडात धरून बघत होत्या. दुसऱ्या वेळी त्यानं अण्णांच्या वळणदार अक्षराची हुबेहूब नक्कल करून नळावर पाटी लावली, "नळावरील भांडणे सर्वांस ऐकू जातील अशा आवाजात करावीत. पुसटपणे भांडू नये." बायका तावातावानं अण्णांच्या दारात गेल्या. अण्णांनी पाटी नीट वाचली, खिशातून पेन्सिल काढली, 'पुसटपणे' खोडून 'अस्पष्टपणे' केलं आणि पाटी परत दिली. कोंडूला त्यांनी मारलं नाही. मारलं आईनं, आणि मग तासाभरानं त्याला जवळ घेऊन गूळ-शेंगदाणे भरवले.

आम्ही असेच वाढलो, एका ओट्यावर. प्रेम केव्हा आणि कसं झालं ते मला विचारू नका, मला माहीत नाही. एवढं सांगू शकते की एका सकाळी मी नळावर घागर भरत होते, तो सायकल पुसत होता, आणि तो मला चिडवायला काहीच बोलला नाही. जन्मात पहिल्यांदा. मी घागर तशीच वाहती ठेवून त्याच्याकडे बघितलं, त्यानं मान फिरवली, आणि मला कळलं. पुढे त्याला एका कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी लागली, मी बी.ए. झाले, आणि आम्ही ठरवलं की आता घरी सांगायचं. आम्हाला धास्ती होती ती जातीची. अण्णांचं घराणं कुठलं, आमचं कुठलं. पण अण्णा विवेकवादी होते, त्यांनी कोंडूची मुंजसुद्धा केली नव्हती, आणि बाबा कुणालाच कधी नाही म्हणत नसत. आईचा तर प्रश्नच नव्हता. तिचा लाडका कोंडू तिच्याच घरात जावई होऊन येणार होता. ती आनंदानं वेडी होईल, असं मी कोंडूला छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्या रविवारी अण्णा खांद्यावर उपरणं टाकून, पुढच्या दारानं आमच्याकडे आले. एरवी ते ओट्यावरून हाक मारत. बाबांनी गडबडीनं खुर्ची पुसली. कोंडू दाराशी उभा, मी आतल्या खोलीच्या पडद्याआड, आई पाट्याजवळ ठेचा वाटत. अण्णा म्हणाले, "आपल्या मालूला आमच्या श्रीकांतसाठी मागायला आलोय. नाही म्हणण्याजोगी पुष्कळ कारणं आहेत. ती मी घरून पाठ करून आलोय, आपण सांगायचे कष्ट घेऊ नयेत." बाबांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं तेवढ्यात वरवंट्याचा आवाज थांबला. आई हिरवे हात तसेच पुढे धरून बाहेर आली.

"हे लग्न होत नाही, अण्णा," ती म्हणाली. "तो माहा पोरगा आहे."

"मुलासारखा आहे, हे मान्यच आहे," अण्णा म्हणाले.

"मुलासारखा नाही. मुलगा. मी विकत घेतला त्याले."

पडद्याची कड माझ्या मुठीत होती ती मी इतकी ओढली की वरचा खिळा निघून आला आणि पडद्यासकट मी सगळ्यांसमोर उघडी पडले. तरी माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आईनं मग उभ्यानंच सांगितलं, एकदाही न अडखळता. सुशीलाकाकूची आधीची मुलं जन्मल्या जन्मल्या गेली होती. कोंडू झाला तेव्हा ती त्याच्याकडे बघायलाही घाबरत होती. आईच्या माहेरी अशा वेळी मूल विकून टाकायची रीत होती. बाळाला सुपात घालायचं आणि दुसऱ्या बाईनं ते कोंडा देऊन विकत घ्यायचं, म्हणजे मूल या घरचं राहिलं नाही, आणि नेणारा फसून परत जातो. अण्णा छापखान्यात गेलेले असताना दोघींनी हे उरकलं. काकूनं बाळ सुपात ठेवलं, आईनं पायलीभर कोंडा तिच्या पदरात घातला, आणि त्या दिवसापासून तो कोंडू. मुंजीच्या आधी काकूनं तेवढाच कोंडा देऊन त्याला परत घ्यायचा, असं ठरलं होतं.

"सुशीला गेली," आई म्हणाली. "तुम्ही मुंज केली नाही. मी कोनाले देऊ वापस? अन् न सोडवता लग्न लावलं तं बहीण-भावाचं लग्न होते. नाहीतर मंग ते विकनं खोटं होते. खोटं झालं तं ज्याले फसवलं तो येईन ना माह्या पोराले न्याले."

अण्णांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. "जात आडवी येईल म्हणून मी तयारी करून आलो होतो," ते म्हणाले, "कोंड्याची तयारी केली नव्हती." मग वेगळ्याच आवाजात, "वहिनी, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तं तुम्ही हसले असते," आई म्हणाली. "अन् हसत हसत नेला असता त्याले."

कोंडूला वाटलं ही गंमत चाललीय. "आई, पायलीभरच? निदान गहू तरी द्यायचे," असं म्हणत तो पुढे आला. मग त्याला आईचे डोळे दिसले, आणि त्याचं हसणं तोंडातच राहिलं. माझ्यापुरतं सांगायचं तर मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. अण्णा खुर्चीत नीट टेकायच्या आत माझा होणारा नवरा माझा भाऊ झाला होता, आणि ज्या बाईनं हे केलं ती माझी आई होती. मी जमिनीवरचा खिळा उचलला आणि हातात घेऊन बसले.

आठवडाभर आमच्या घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही. आईला समजावण्यात अर्थ नव्हता. तिची भीती खरी होती, ती त्या पोराच्या जिवाची भीती होती, आणि तिच्याशी वाद घालणं म्हणजे त्याच्या जिवावर पैज लावण्यासारखं होतं. शेवटी वाट काढली अण्णांनी. ते म्हणाले, "माझा या कशावर विश्वास नाही. पण मुलगा जर दुसऱ्याच्या मालकीचा असेल, तर तो रीतसर परत घेणं विवेकाला धरून आहे." त्यांनी सायकलला पिशवी अडकवली आणि गिरणीवर जाऊन कोंडा मागितला. गिरणीवाल्यानं विचारलं, "अण्णा, म्हैस घेतली काय?" अण्णा म्हणाले, "नाही. मुलगा घेतोय." हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, अजिबात न हसता.

पुढच्या रविवारी सकाळी मागच्या ओट्यावर आईनं सूप मांडलं, त्याला हळदकुंकू लावलं. बाळाला सुपात ठेवायचं असतं; पण बाळ आता पावणेसहा फूट उंच होतं. म्हणून कोंडूनं नुसते पाय सुपात ठेवून उकिडवं बसायचं ठरलं. ओळीतल्या बायका आपापल्या दारांतून बघत होत्या. अण्णा कोंड्याची पिशवी छातीशी धरून उभे, बाबा त्यांच्याजवळ. मी आईच्या मागे शब्द मोजत उभी होते, कारण आता फक्त दोन वाक्यांचं अंतर राहिलं होतं. आईनं म्हणायचं होतं, "हा तुमचा, तुम्ही न्या. माहा याच्यावर हक्क नाही." एवढं म्हटलं की कोंडा तिच्या पदरात, मुलगा अण्णांचा, आणि आम्ही सुटलो.

"हा तुमचा," आई म्हणाली. तिनं पदर पुढे धरला. "तुम्ही न्या." पुढचं वाक्य येईना. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाबा हळूच म्हणाले, "म्हन ना वो, होऊन जाऊ दे." ती कोंडूकडे बघत राहिली, आणि एकदम त्या गाय निळी करणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं की पुढे काय होणार ते मला कळलं. तो सुपातून उठला.

"नको म्हणूस, आई," तो म्हणाला. "अण्णा, कोंडा परत न्या. मला नाही जायचं कुठं." मग माझ्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात, "मालू, मला नाही जमत गं. तिला 'माझा नाहीस' म्हणायला लावायचं, मला नाही जमत."

मला काय झालं ते लिहायला आजही शब्द कमी पडतात. त्यानं मला नाही म्हटलं होतं. सगळ्या ओळीसमोर, माझ्या आईसाठी. आणि आई! आईनं त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मागे मी उभी आहे याचं तिला भानच नव्हतं. मला भयंकर राग आला. दोघांचा, अण्णांचा, त्या सुपाचा. मी काय बोलतेय हे कळायच्या आत मी ओरडले, "मग मला विक! कोंडा आलाच आहे ना दारात? तो राहू दे तुझा. मला देऊन टाक अण्णांना. मग तो तुझा मुलगा, मी अण्णांची मुलगी. लाव मग लग्न!"

हे मी टोचायला बोलले होते. मला तिला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं. मला वाटलं होतं, ती दचकेल, वळेल, म्हणेल, असं अभद्र बोलू नको, तू माझ्या पोटची आहेस. अण्णा खरोखरच दचकले, त्यांच्या हातून पिशवी निसटायची राहिली. बाबांनी "मालू!" म्हणून हाक मारली.

आई दचकली नाही. तिनं कोंडूला सोडलं, डोळे पुसले, पायानं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "बस."

मी बसले. दुसरं काय करणार होते? माझे पाय सुपात होते, आणि आईनं पदर पसरला आणि ते वाक्य, जे तिला दोन मिनिटांपूर्वी येत नव्हतं, ते तिनं सरळ, घागर उचलून द्यावी इतक्या सहज म्हटलं. "ही तुमची, अण्णा. तुम्ही न्या. माहा इच्यावर हक्क नाही." अण्णांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे पाहत मान हलवली. अण्णांनी आईच्या पदरात कोंडा ओतला. त्यांचे हात पांढरे झाले होते आणि ते पुन्हा पुन्हा झटकत होते. मग त्यांनी माझ्या डोक्यावर तो हात ठेवला आणि म्हणाले, "चला, मुली. घर पलीकडेच आहे." मी भिंतीच्या पलीकडच्या घरात गेले आणि लग्नापर्यंत तिथेच राहिले. कन्यादान अण्णांनी केलं. आई वरमाय म्हणून मिरवली आणि बाबांना कुठल्या बाजूला बसावं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोंडू खुशीत होता. त्याला बायको मिळाली, आईही राहिली. त्याला अजूनही वाटतं की त्या दिवशी मी एक नामी युक्ती काढली. चारचौघांत तो ती कौतुकानं सांगतो, आणि लोक माझ्याकडे बघून वा वा करतात.

लग्नानंतर काही महिन्यांनी, आईच्या चुलीपाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलं. "आई, त्याला देताना तुझी जीभ उचलत नव्हती. मला देताना तुला काहीच कसं वाटलं नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, खरंच नवल वाटल्यासारखं. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय, असं तिच्या डोळ्यांत होतं. दुष्टपणा तिच्यात नव्हता, आणि तेच मला सोसवत नाही.

"पोरगी तं द्याचीच असते ना, बाई," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.